मानहाइमहून आणलेल्या पाहुण्या

"माणूस ओळखायला मला फोटो लागत नाही!"

शनिवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता उल्हास वर्तकांनी हे जाहीर केलं. लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेला माणूस. दोन काचेच्या नळ्यांत पाण्यासारखं दिसणारं काहीही असो, कुठल्या नळीत काय आहे ते नुसत्या नजरेनं सांगणार, अशी त्यांची ख्याती होती. निदान ती ख्याती ते स्वतः सगळ्यांना सांगत असत.

"अहो, पण दियानं पाठवलाय फोटो, तर एकदा नीट बघून तरी घ्या," कुंदाताई म्हणाल्या.

"बघितलाय की! चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. डोक्यावर केसांचा हा एवढा डोलारा, खांद्यावर कॅमेरा. आता तो डोलारा राहिला असेल का? माझा राहिलाय का?"

यावर कुंदाताईंनी त्यांच्या डोक्याकडे बघितलं आणि विषय सोडून दिला.

दिया ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती आणि तिची मैत्रीण मिरियम मिळून दरवर्षी त्यांच्या वस्तीत एक छोटासा चित्रपट महोत्सव भरवायच्या. मिरियमचे आईवडील इरिट्रियाहून आलेले, ती स्वतः वाढली इथंच, ऱ्हाइनच्या काठी. यंदाचा महोत्सव कृष्णवर्णीय स्त्री दिग्दर्शकांच्या गौरवासाठी होता आणि उद्घाटनाला येणार होत्या हॅनोव्हरच्या फ्राउ आबेना हार्टमान. या बाईंनी तरुणपणी एकच सिनेमा काढला. तो बघितला एका समितीनं. समितीनं नकाराच्या माना हलवल्या, फिल्मचा डबा कपाटात गेला, आणि बाईंनी पुढचं आयुष्य संध्याकाळच्या वर्गात लोकांना फोटो काढायला शिकवण्यात घालवलं. मिरियमनं तो डबा शोधून काढला, साफ करून घेतला. आज पहिल्यांदाच तो सिनेमा माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये लागणार होता, आणि बाई प्रेक्षकांत बसून बघणार होत्या.

वडिलांना काम द्यायची दियाची पद्धत नव्हती. कारण उल्हासरावांना एक काम दिलं की संध्याकाळपर्यंत त्या कामाला चार पिल्लं होत! पण यंदा स्टेशनवर जायला कोणी नव्हतंच.

"बाबा, फक्त आणायचं," ती फोनवर बजावत होती. "भाषण नाही, काही नाही. फेरश्प्रोखन?"

"फेरश्प्रोखन!" उल्हासरावांनी वचन देऊन टाकलं.

कुंदाताईंनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'फ्राउ हार्टमान' लिहून दिलं. उल्हासरावांनी ती पाटी गाडीच्या डिकीत टाकली. पाट्या घेऊन टॅक्सीवाले उभे राहतात. यजमान तोंडावर हसू घेऊन उभा राहतो!

नदीपलीकडच्या मानहाइम स्टेशनवर ते हसू घेऊन ग्लाइस तीनवर, म्हणजे तीन नंबरच्या प्लॅटफॉर्मवर, उभे राहिले. गाडीची वेळ झाली, टळून गेली, आणि मग लाउडस्पीकरवरून एक बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली की हॅनोव्हरकडून येणारी गाडी आज ग्लाइस आठवर येत आहे. येत आहे म्हणजे आलीच होती! सगळा प्लॅटफॉर्म बॅगा उचलून पळत सुटला, आणि उल्हासराव सगळ्यांत पुढे. जिना खाली, बोगदा, जिना वर. वर पोचले तेव्हा त्यांच्या छातीचा भाता झाला होता आणि गाडीतून माणसांचा लोंढा बाहेर पडत होता.

लोंढ्यातून वाट काढत ते पार शेवटच्या डब्यापर्यंत गेले. आणि दिसल्याच! ठसठशीत बांधा, काळाभोर चेहरा, गळ्यात पिवळाधमक रुमाल, हातात एक चपटी काळी पेटी. कलावंतच! दुसरं कोण असणार?

"फ्राउ हार्टमान! विलकॉमन!" उल्हासराव ओरडले. त्याच क्षणी लाउडस्पीकरही ओरडला.

"हो, मी हॉफमान," बाई म्हणाल्या. पण ते त्या गोंगाटात कोणाला ऐकू जाणार! "तुम्ही गेमाइंडेकडून आलात का?"

आता जर्मन भाषेची ही खोड आहे. गेमाइंडे म्हणजे गावची मंडळी, आणि गेमाइंडे म्हणजे चर्चची मंडळीसुद्धा. दियाचा महोत्सव वस्तीच्या गेमाइंडेहाउसमध्ये होता.

"गेनाऊ! अगदी बरोबर! गेमाइंडे!" असं म्हणून उल्हासरावांनी पेटी हातात घेतली आणि बाईंना गाडीत बसवलं.

गाडीत गप्पा काय रंगल्या!

"तुमच्या कामाबद्दल काय बोलावं!" उल्हासरावांनी सुरुवात केली.

"तुम्ही ऐकलंय?" बाईंना बरं वाटलं.

"ऐकलंय म्हणजे? आमच्या घरात वर्षभर दुसरं काही ऐकलेलंच नाही! मला एक सांगा, या क्षेत्रात सगळ्यात अवघड काय असतं हो?"

"पुरुष," बाई ताबडतोब म्हणाल्या. "आधी मिळत नाहीत. मिळाले तर वेळेवर येत नाहीत. आले तर दुसऱ्याचं ऐकत नाहीत, नुसता आवाज चढवतात."

"वा! वा!" उल्हासरावांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "हे तुम्ही आज सगळ्यांसमोर सांगा!"

"मी दर मंगळवारी सांगते. काही उपयोग होत नाही."

तेवढ्यात उल्हासरावांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. "विमेवाले!" म्हणून त्यांनी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजल्यावर त्यांनी फोन बंदच करून टाकला. पाहुण्यांसमोर फोन म्हणजे असभ्यपणा!

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "आपण नदी ओलांडली का? मागच्या वेळी नदी लागली नव्हती."

"पुलांची कामं चाललीत ना, सगळं वळवून टाकलंय!"

मग उल्हासरावांनी आपलं आवडतं दुःख बाहेर काढलं. कारखान्यात त्यांचा साहेब त्यांना वर्षानुवर्षं रमेश म्हणायचा! खरा रमेश त्याच कारखान्यातला, चेन्नईचा, गोलमटोल, बुटका आणि मिशीवाला. उल्हासराव किडकिडीत, सहा फुटी आणि सफाचट. तरी साहेब 'गुटन मॉर्गन, हेर रमेश'!

बाई खळखळून हसल्या. "आमच्या गावात काळ्या अशा आम्ही दोघीच आहोत, मी आणि दवाखान्यातली एक नर्स. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. बेकरीत लोक मला आपला रक्तदाब विचारतात."

"काय माणसं असतात! एका माणसाकडे नीट बघायला असा किती वेळ लागतो?" उल्हासराव अगदी मनापासून चिडले.

"गेनाऊ," बाई म्हणाल्या.

हॉलवर पोचले तेव्हा उशीर झालाच होता. दारात पाऊल टाकताच सगळा हॉल उठून उभा राहिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कुंदाताईंनी सुपरमार्केटमधल्या पिवळ्या शेवंतीचा रात्री बसून केलेला हार बाईंच्या गळ्यात घातला. बाईंचे डोळे भरून आले.

"इतकं प्रेम!" त्या उल्हासरावांच्या कानात म्हणाल्या. "मागच्या वेळी साधी कॉफीसुद्धा गार होती."

दिया आणि मिरियम दोघी पार मागे, प्रोजेक्टरमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. स्टेजवर मायक्रोफोन एकटाच उभा होता. मोकळा मायक्रोफोन बघितला की उल्हासरावांचं उघड्या दुधाशेजारच्या मांजरासारखं होतं. फेरश्प्रोखन वगैरे कुठल्या कुठे गेलं! बाईंना हाताला धरून ते थेट वर चढले.

"मित्रहो!" त्यांनी जर्मनमध्ये तोंड उघडलं. "आज आपल्यात एक अशी कलावंत उभी आहे, जिच्याकडे या देशानं चाळीस वर्षं बघितलं नाही!"

टाळ्या. मागे मिरियम एकदम उठून उभी राहिली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवायला लागली. ती हॅनोव्हरला जाऊन खऱ्या बाईंना भेटून आली होती. उल्हासरावांना वाटलं, मागे ऐकू जात नाहीये. त्यांनी आवाज चढवला.

"पण आम्ही बघितलं! आम्ही ओळखलं!"

मिरियम खुर्च्यांवरून उड्या मारत यायला लागली. काय तो उत्साह! उल्हासरावांनी आणखी आवाज चढवला. तेवढ्यात मागच्या पडद्यावर फोटो उजळला. केसांचा डोलारा, खांद्यावर कॅमेरा, काटकुळी उंच तरुणी. पाहुण्या बाईंनी मान वळवून वर बघितलं.

"या कोण?" त्यांनी विचारलं. मायक्रोफोननं ते सगळ्या हॉलला ऐकवलं.

"बघा! बघा विनय!" उल्हासराव गहिवरले. "स्वतःलाच ओळखत नाहीत!"

मग बाईंनी हळूच त्यांच्या हातातून मायक्रोफोन काढून घेतला.

"माझं नाव ग्रेस हॉफमान. मी गाणं शिकवते. आज मानहाइममधल्या एका चर्चच्या गाणाऱ्या मंडळींची तालीम घ्यायला आले होते. तुम्ही सगळे इतक्या प्रेमानं उभे राहिलात, की मला वाटलं यांना गाण्याची फारच हौस आहे. पण या फोटोतल्या बाई मी नव्हे. आणि मला वाटतं, त्या कुठेतरी वाट बघत असतील."

पहिल्या रांगेतल्या एका जर्मन आजोबांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच.

मिरियम स्टेजपाशी पोचली होती. तिच्या हातात कागद होते. उल्हासराव काहीतरी बोलायला गेले, तर तीच हळू आवाजात म्हणाली, "हेर वर्तक, मी उद्घाटनाचं भाषण लिहून आणलं होतं. आमच्याकडे बघितलं जातं पण आम्ही दिसत नाही, अशा विषयावर. चांगलं झालं होतं." तिनं कागदांची घडी करून खिशात टाकली. "आता राहू दे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं उल्हासरावांना वाटलं. दियाही ओरडली नाही. ती दाराशी उभी होती, चेहरा पांढराफटक. "सहाला जिमनास्टिकवाले येतात, हॉल सोडावा लागेल. फिल्म आत्ताच लावायला लागणार, त्या नसल्या तरी." मग खाली बघत म्हणाली, "जा, बाबा. बिट्टे, प्लीज."

फ्राउ हॉफमाननाही मानहाइमलाच सोडायचं होतं, तेव्हा ती दोघं त्याच गाडीत, त्याच रस्त्यानं परत निघाली. नदी पुन्हा लागली. रमेशचा विषय कोणीच काढला नाही.

चर्चच्या पायऱ्यांवर गाणारी मंडळी वाट बघत उभी होती. पुरुष दोन. तेही वेळेवर आले होते! फ्राउ हॉफमान उतरल्या, त्यांनी पेटी घेतली, मग आठवण होऊन गळ्यातला हार काढून उल्हासरावांच्या हातात दिला.

"चूक माझीही झाली. मीही नीट ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही मला माझं नाव विचारलं नाहीत, हेर वर्तक. तुम्ही ते मला सांगितलंत."

उल्हासरावांनी फोन चालू केला. एकाच नंबरवरून कितीतरी फोन येऊन गेले होते आणि खाली एक निरोप: 'तुमचा नंबर दियानं दिला होता, तिचा फोन लागत नाही. मी ग्लाइस आठवर बाकावर बसले आहे. हार्टमान.'

त्या खरंच तिथे होत्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, ताडमाड उंच बाई, बारीक कापलेले पांढरे केस, करड्या रंगाचा रेनकोट, हाताशी काठी. शेजारी छोटी बॅग. उल्हासराव हातात हार घेऊन समोर उभे राहिले.

"फ्राउ हार्टमान? तुम्ही... तुमचं नाव हार्टमान का?"

"हो."

"मी उल्हास वर्तक. दियाचा बाबा. ते पुलाचं काम चाललंय ना, त्यामुळे..." इथं उल्हासरावांची गाडी अडली. पुढचं खोटं काही केल्या सुचेना. मग त्यांनी जे झालं ते सगळं सांगून टाकलं, स्टेज आणि विनय यांसकट.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ती बाई उंच होती?"

"नाही. बुटकी."

"वयानं?"

"पन्नाशीतली असेल."

"चला, एवढं तरी चांगलं झालं," बाई म्हणाल्या. मग काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "मी तुम्हाला बघितलं होतं. तुम्ही माझ्या अगदी समोरून पळत गेलात. तुम्हीच असणार असं वाटून मी हात केला. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात, मान डोलवलीत आणि पुढे गेलात."

उल्हासरावांना आठवेना. खूप ताण दिला, पण त्या लोंढ्यात काठी घेतलेली उंच म्हातारी बाई त्यांना काही केल्या आठवेना. तेच त्यांना सगळ्यात लागलं.

"हा हार तुमच्यासाठी," ते कसंबसं म्हणाले.

"वापरलेला दिसतोय."

"हो."

बाईंनी तो घेतला आणि बॅगेच्या दांडीला अडकवला. "कोणीतरी मेहनतीनं केलाय."

"चला ना, गाडी खालीच उभी आहे! अजून..."

"फिल्म सुरू झाली ना? आता आले तर शेवटची नावं बघायला मिळतील. माझं नाव मला पाठ आहे." मागे परतीची गाडी लागत होती. बाई उठल्या. उभ्या राहिल्यावर उल्हासरावांपेक्षाही बोटभर उंच निघाल्या. "एकच सांगा मला. सुरुवातीला ट्रामचा प्रसंग आहे. तिथे लोक हसले का? समितीतलं कोणी हसलं नव्हतं. मला तेवढंच ऐकायचं होतं."

उल्हासराव तेव्हा मान खाली घालून गाडी चालवत होते. त्यांनी तो सिनेमा मिनिटभरही बघितला नव्हता. त्यांनी दियाला फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. आणि बाई तर वाट बघत उभ्या होत्या.

"हसले!" ते म्हणाले. "हो! खूप हसले!"

"तुम्ही होतात तेव्हा हॉलमध्ये?"

"होतो की!"

"मग ट्राममधल्या त्या बाईच्या हातात काय होतं?"

उल्हासरावांनी प्लॅटफॉर्मकडे बघितलं, रुळांकडे बघितलं. "तिकीट?"

"छत्री," फ्राउ हार्टमान म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागवायला जी ओळख लागते, तेवढीही उल्हासरावांशी त्यांची झाली नव्हती. पायरीवर त्यांनी त्यांच्या हाताचा आधार तेवढा घेतला, आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीपाशी बसल्या.

त्या रात्री वर्तकांच्या घरी पानं मांडली गेली. कुंदाताईंनी आमटी वाढली आणि एवढंच म्हणाल्या, "एवढ्या लांबून आली होती हो बिचारी." उल्हासरावांनी वाटी बाजूला सारली.

रविवारी दुपारी तोच सिनेमा पुन्हा लागणार होता. दियानं सकाळीच हॅनोव्हरला फोन करून बघितला. बाईंनी आभार मानले आणि गुडघा दुखतोय म्हणाल्या. उल्हासराव कोणाला न सांगता जाऊन शेवटच्या रांगेत बसले.

ट्रामचा प्रसंग सुरुवातीलाच होता. ट्राम खच्चून भरलेली. एक काळी तरुण बाई बसलेली आणि तिच्या शेजारची जागा मोकळी. लोक दांडीला लोंबकळतायत, एकमेकांच्या पायांवर पाय देतायत, पण त्या जागेवर कोणी बसत नाही. बाई इकडेतिकडे बघते. मग आपली ओली छत्री उचलते, त्या जागेवर नीट बसवते, तिच्या चुण्या सारख्या करते आणि तिला विचारते, "आरामात ना?"

हॉल हसला. असा हसला की मागच्या खुर्च्या करकरल्या. उल्हासरावही हसले. ट्राम पुढे गेली. स्टेशनं येत राहिली, माणसं चढत राहिली, छत्री बसून राहिली. हसणं हळूहळू विरत गेलं, आणि बाई उतरली तोवर कोणीच हसत नव्हतं.

सिनेमा संपल्यावर उल्हासराव बाहेर आले आणि सायकलींच्या स्टँडपाशी उभं राहून त्यांनी तो अनोळखी नंबर लावला.

"मी वर्तक. आज बघितला. खरंच बघितला. लोक हसले, फ्राउ हार्टमान."

"कुठपर्यंत?"

"छत्रीला विचारते तिथपर्यंत. मग दोन स्टेशनं थोडे थोडे. मग गप्प झाले."



"हं," बाई म्हणाल्या. "तसंच हवं होतं." आणि मग, "सांगितल्याबद्दल डांकं." फोन बंद झाला.

उल्हासराव फोन हातात धरून तिथेच उभे राहिले. हसण्याचा आवाज काय फोनवर सांगायची गोष्ट आहे? तो बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. मधल्या एखाद्या खुर्चीत बसून, काठी मांडीला टेकवून. आता तो आवाज हॉलभर विखरून गेला होता आणि तिथे जिमनास्टिकवाले गाद्या अंथरत होते.

आत सामान आवरणं चाललं होतं. उल्हासराव दियासमोर जाऊन उभे राहिले. "पुढच्या वर्षी," ते घसा खाकरून म्हणाले, "मला काही... म्हणजे अगदी लहानसं काही काम असलं तर..."

दियानं मिरियमकडे बघितलं. मिरियमनं छताकडे बघितलं. मग दियाच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"बाबा, तू खुर्च्या लाव," ती म्हणाली. "खुर्च्या सगळ्या खरंच सारख्या असतात."

उल्हासरावांनी मान डोलवली. आणि अंगाशी आलेला अनुभव आठवून त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, काम हाती घेण्याआधी नम्रपणे विचारलं:

"तोंड कुठल्या बाजूला?"